ढोल्याचं तेल

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत वासंतीबाई खांबेट्यांना नावाने ओळखणारे थोडे. बाकीच्यांच्या लेखी त्या 'तेलवाली आंटी'. थंडी पडली, धुक्यात समोरचं क्वार्टर दिसेनासं झालं, की शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या पोरांना त्या फाटकातून हाक मारायच्या आणि हाक ऐकताच पोरं एकमेकांच्या मागे दडायची. बाईंच्या एका हातात माशाच्या तेलाची बाटली असायची आणि दुसऱ्या हातात चमचा.

"आ कर."

एवढं मराठी कॉलनीतल्या सगळ्या पोरांना समजत होतं.

"आंटी, हम लोग वेज हैं! मम्मी मारेंगी!"

"अरे, तेल में क्या वेज-नॉनवेज! तेल तेल होता है. चल, मुँह खोल."

एखादं पोर सापडायचं. डोळे मिटून चमचा गिळायचं आणि बाई त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. लोक हसायचे, पण त्या हसण्यात विखार नव्हता. निदान तेव्हा नव्हता.

तेलाचं हे वेड बाईंनी माहेराहून आणलं होतं. कऱ्हाडला त्यांच्या पाठच्या भावाला, राघवला, लहानपणी मुडदूस झाला. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काटक्या, आणि उभा राहिला की दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. डॉक्टरांनी माशाचं तेल सांगितलं. ब्राह्मणाच्या घरात ती बाटली न्हाणीघराच्या फळीवर, सोवळ्याओवळ्यापासून लांब ठेवलेली असे. राघव तेल बघितलं की रडायचा, कधी ओकायचा. आई हळवी. काही दिवसांनी म्हणाली, "राहू दे, किती छळायचं लेकराला." तेल बंद झालं आणि पाय तसेच फेंगडे राहिले. शाळेतली पोरं त्याला 'कंस' म्हणत, गणितातला कंस. राघव स्वतःही हसायचा, पण चारचौघांत कधी कृष्णेत पोहायला उतरला नाही. लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "हा असाच बसून राहिला तर बरा दिसतो." वासंतीबाई मागे करवली म्हणून चालत होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून एक गोष्ट त्यांच्या मनात खिळ्यासारखी बसली, की औषधपाणी मध्येच थांबवणं म्हणजे माणसाला जन्मभराचं वाकडं करून ठेवणं.

लग्न होऊन त्या लखनौला आल्या. नवरा सतीशराव रेल्वेच्या संशोधन संस्थेत होते. डब्यांच्या स्प्रिंगांवर भार टाकत जायचं आणि किती भारानंतर स्प्रिंग पुन्हा मूळ जागेवर येत नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. माणूस अबोल आणि वाद टाळणारा. बाईंनी चमचा पुढे केला की पहिल्या वर्षी ते नको म्हणाले, दुसऱ्या वर्षापासून तोंड उघडायला लागले. मुलगा अभिराम झाला. त्याला हिवाळाभर रोज तेल. त्याचे पाय सागाच्या वाशासारखे सरळ वाढले. बाईंना वाटे, हे आपलं कर्तृत्व. आणि ते नव्हतंच असं तरी कोणी कसं म्हणावं?

अभिराम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना चिनहटच्या एका कारखान्यात ट्रेनिंगला जात होता. एके दिवशी शर्टाच्या आत काहीतरी दडवून घरी आला.

"आई, चिल्लाना मत."

"काय आहे ते? अभ्या, कुत्रं नको म्हणजे नको हं! आधीच सांगून ठेवते."

त्याने पिल्लू जमिनीवर ठेवलं. कारखान्याच्या अंधाऱ्या गोदामात अल्सेशियन वळणाच्या कुत्रीला झालेलं ते पिल्लू. चौकीदार त्याला दूधभाताशिवाय काही देत नव्हता. पोट हे एवढं, आणि पुढचे दोन्ही पाय बाहेर वाकलेले. दोन पावलं टाकून ते पोटावर बसलं. त्यांच्या डोळ्यांसमोर राघव उभा राहिला.

त्याच संध्याकाळी पिल्लू आलमबागच्या डॉक्टर निगमांच्या टेबलावर होतं. डॉक्टर सावकाश बोलणारे, अदबीचे.

"भाभीजी, घबराइए मत. धूप नहीं मिली, ढंग का खाना नहीं मिला, इसलिए हड्डी कच्ची रह गई. अंडा दीजिए, धूप में खेलने दीजिए. और मछली का तेल, बस आधा छोटा चम्मच, खाने में मिलाकर. मुँह पकड़कर मत पिलाइएगा. साँस की नली में चला गया तो निमोनिया हो जाएगा."

"कितने दिन?"

"टाँगें सीधी हो जाएँ तो बंद कर दीजिए. ये तेल पानी नहीं है कि ज़्यादा हुआ तो बह गया. बदन में जमा होता रहता है."

बाईंनी मान डोलावली. पोटावरून पिल्लाचं नाव ढोल्या पडलं. कॉलनीतली पोरं त्याला 'ढोलक' म्हणायला लागली. अंडं, ऊन, पोळीत कालवलेलं तेल, सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं आणि उन्हाळ्यापर्यंत पाय खरोखर सरळ झाले. ढोल्या फाटकावरून उड्या मारायला लागला. तेल मात्र बंद झालं नाही. डॉक्टरांचं बोलणं बाईंनी ऐकलं होतं, पण 'बंद करा' म्हणणारं माणूस त्यांनी पूर्वीही एकदा पाहिलं होतं आणि त्याचं फळही पाहिलं होतं. उलट कुत्रा वाढत गेला तसा चमचा वाढत गेला. पिल्लाला छोटा, मग मोठ्याला मोठा नको का?

अभिराम अमेरिकेला गेला. जाताना चारबागच्या प्लॅटफॉर्मवर त्याने आईबापांना वाकून नमस्कार केला, पण डोळे भरून आले ते ढोल्याचं नाव काढल्यावर. पुढे दर रविवारी सकाळी फोन यायचा. पोराला मराठी समजायचं सगळं, उत्तर मात्र हिंदीत.

"हाँ आई. ढोल्या कैसा है?"

हा पहिला प्रश्न. मग ढोल्या काय खातो, कोणावर भुंकतो, दूधवाल्या भैयाची सायकल अजून पाडतो का, यावर तो हसून हसून बोलायचा. नंतर सतीशरावांकडे फोन गेला की "हाँ बाबा, ठीक हूँ. हाँ. हाँ. ठंड है," आणि संपलं. बाईंच्या लक्षात आलं होतं की मुलाला या घराशी बांधणारी दोरी आता ढोल्याच्या गळ्यातून जाते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण रविवारी फोन वाजायच्या आधी त्या ढोल्याला घासूनपुसून जवळ बसवत, जणू तिकडून तो दिसणार होता.

त्या कुत्र्याची एक खोड मात्र बाईंना लागायची. सगळं करायचं त्यांनी, आणि जेवणाच्या वेळी ढोल्या जाऊन बसायचा सतीशरावांच्या खुर्चीपाशी, त्यांच्या डाव्या पायाला चिकटून.

"बघा! खायला घालते मी, आणि लळा तुमचा."

"असतं एकेकाचं," सतीशराव ताटात बघत म्हणायचे.

हे सुरू झालं सतीशरावांचं मनगट मोडल्यानंतर. धुक्यात स्कूटर घसरली, प्लास्टर झालं, आणि डॉक्टरांनी कॅल्शियमच्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. खडूसारख्या. प्लास्टर निघालं तरी बाईंनी त्या चालूच ठेवल्या होत्या, दोन्ही जेवणांना ताटाजवळ ठेवून. "घेतलीत ना?" "घेतली."

मग एका रविवारी अभिराम म्हणाला, "आई, दिसंबर में आ रहा हूँ. टिकट हो गया."

तीन वर्षांनी पोरगा येणार होता.

"ढोल्या को फिट रखना हाँ. मेरे साथ दौड़ेगा वो. और सुन, मालिनी काकू का विनय आ रहा है ना इंडिया, उसके हाथ कुछ भेज रहा हूँ ढोल्या के लिए."

मालिनी आगाशे म्हणजे बाईंची कॉलनीतली एकमेव मराठी मैत्रीण. तिचा भाचा विनय अमेरिकेहून आला आणि त्याच्या बॅगेतून एक घसघशीत बाटली निघाली. वर सोनेरी कुत्र्याचं चित्र. आत माशाचंच तेल, पण दाट आणि पिवळंजर्द. सोबत चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा डबा. बाईंना इंग्रजी हळूहळू वाचता यायचं. त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं. 'मजबूत हाडांसाठी' एवढं कळलं, आणि तेवढं पुरलं. बारीक अक्षरातलं कशाला वाचायचं? मुलाने पाठवलं होतं.

"अगं, आता ते इकडचं तेल बंद करशील ना?" मालिनीने विचारलं.

"टाकून कसं देऊ? अर्धी बाटली आहे. इकडचं सकाळी, अभ्याचं संध्याकाळी."

"वासंती, तुझा कुत्रा आहे की लोणच्याची बरणी? सगळीकडून तेल सुटलंय त्याला."

"सुटू दे. अभ्या आला की बघ कसा दौडवतो त्याला."

दिवाळीच्या सुमाराला ढोल्या पाणी फार प्यायला लागला. बादलीत तोंड घालायचा तो काढायचाच नाही. मग व्हरांड्यात शू करून ठेवायला लागला, जे त्याने पिल्लू असतानाही केलं नव्हतं, आणि केल्यावर कोपऱ्यात तोंड लपवून बसायचा. खाणं कमी झालं. पायरी चढताना मागचे पाय थरथरायचे.

पाय थरथरताना पाहिले आणि वासंतीबाईंनी ठरवूनच टाकलं. हाडं पुन्हा कच्ची होताहेत! डिसेंबर तोंडावर आला आणि कुत्रा खंगतोय. त्यांनी चमचा वाढवला. ढोल्या ताटलीला तोंड लावेना, तर दह्यात मिसळून, पेढ्यात भरून, शेवटी जबडा धरून. तो ओकला तर पुन्हा. "राजा, दोन घोट. दादा येणार आहे ना तुझा?" कुत्रा त्यांच्या हाताकडे बघायचा आणि तोंड उघडायचा. हे त्या पुढे कधी विसरू शकल्या नाहीत, की शेवटी शेवटी जबडा धरावा लागत नव्हता. 'आ कर' म्हटलं की तो आपणहून तोंड उघडायचा.

शेवटी सतीशराव म्हणाले, "डॉक्टरांकडे नेऊ या." दोघं रिक्षाने त्याला आलमबागला घेऊन गेली. निगमांनी तपासलं, जिभेखाली पाहिलं, पोट दाबलं.

"खाने के अलावा ऊपर से कुछ दे रहे हैं? कोई दवा?"

"नहीं डॉक्टर साहब. दवा-ववा कुछ नहीं. घर का खाना," वासंतीबाई म्हणाल्या.

यात खोटं बोलण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. दवा म्हणजे ताप आल्यावर घेतात ती. तेल हे पोळीसारखं, दुधासारखं, अंगाला लागणारं. कोणी विचारलं की मुलाला काय औषध देता, तर आई दूध सांगते का?

सतीशराव साखळी धरून उभे होते. ते काही बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नसत.

डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. पुढच्या खेपेला त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग ढोल्याची हनुवटी उचलून त्यांनी बोटं नाकाशी नेली.

"भाभीजी, ये महक कैसी है? ये मछली का तेल है न?"

"हाँ, वो तो तेल है," बाई म्हणाल्या. "आपने ही बताया था."

"मैंने?" डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "वो तो तब, जब ये बिल्ली जितना था. आप तब से दे रही हैं?"

त्यांनी घरात आहे ते सगळं घेऊन यायला सांगितलं. वासंतीबाई तशाच रिक्षाने परतल्या आणि बाटल्या पिशवीत भरून आणल्या. इकडची, अमेरिकेची, गोळ्यांचा डबा. डॉक्टरांनी एकेक लेबल वाचलं, चष्मा वर करून बारीक अक्षरंही वाचली.

"तीनों में वही चीज़ है. विटामिन ए, विटामिन डी. एक के ऊपर एक. और ये बाहर वाली तो हमारे यहाँ वाली से कई गुना तेज़ है. भाभीजी, थोड़ा हो तो हड्डी बनाता है. हद से गुज़र जाए तो कैल्शियम खून में चढ़ा देता है, और वो जाकर गुर्दों में जम जाता है. पत्थर की तरह."

मूत्रपिंडांचं बोलणं डोक्यावरून गेलं; बाईंना फक्त 'पत्थर' ऐकू आलं.

"पर एक बात समझ में नहीं आती," डॉक्टर पुन्हा रिपोर्ट बघत म्हणाले. "कैल्शियम कुछ ज़्यादा ही ऊँचा है. हड्डी का चूरा, चूना, कैल्शियम की गोली, ऐसा कुछ भी देती थीं?"

"नहीं. गोली तो मैं इनको देती हूँ."

सतीशराव रुमालाने चष्मा पुसत होते. चांगला स्वच्छ झाला तरी पुसत राहिले.

"आगे से किसी भी जानवर को कुछ दें तो पहले मुझे दिखाइए, सब बोतलें एक साथ," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. "और जब मैं पूछूँ, तो तेल भी बताइए, बिस्कुट भी बताइए. आपके लिए वो खाना होगा, मेरे लिए नहीं है."

"ये बचेगा?"

"कोशिश करेंगे. उन्नीस-बीस तारीख तक देखते हैं."

"मेरा बेटा आ रहा है," बाई म्हणाल्या. डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले.

त्यानंतर सलाईन, इंजेक्शनं, रोज रिक्षाने आलमबाग. बाटल्या बाईंनी स्वतःच्या हाताने मोरीत ओतल्या. न्हाणीघराला कित्येक दिवस माशाचा वास येत होता. त्यांनी देवापाशी एवढंच मागितलं की अभ्या येईपर्यंत याला ठेव. पुढचं पुढे.

देवाने मागितलं तेवढंच दिलं. अभिराम ज्या सकाळी चारबागला उतरला, त्या सकाळी धुक्यात गाडी तासन्‌तास रखडली होती. सतीशराव त्याला घेऊन घरी आले तेव्हा कुठे कोवळं ऊन पडत होतं. ढोल्या व्हरांड्यात पोत्यावर पडला होता. अभिरामचा आवाज ऐकून त्याने उठायची धडपड केली. पुढचे पाय उठले. मागचे उठले नाहीत. शेपटी मात्र पोत्यावर धप धप वाजत राहिली. मुलाने बूटही न काढता जमिनीवर बसकण मारली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आईकडे त्याने त्यानंतर पाहिलं.

चार दिवसांनी दुपारी, उन्हात, ढोल्या गेला. क्वार्टरच्या मागे भिंतीलगत बापलेकांनी खड्डा खणला. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. त्यांना कोणी बोलावलं नाही.

जेवायला बसल्यावर अभिरामचा बांध फुटला.

"डॉक्टर ने सालों पहले बोला था ना, बंद करो? तू किसी की सुनती है कभी? बचपन से देख रहा हूँ. जो मिले, मुँह में ठूँस दो! पेट भरा है तो भी ठूँस दो!"

"अरे, तूच बाटली पाठवलीस, मला वाटलं—"

"वो तो ऐसे ही ले ली थी, आई! विनय जा रहा था, कुछ तो भेजना था. मुझे क्या पता तू पहले से टंकी भर रही है! लेबल पढ़ना था ना!"

"वाचलं होतं. मजबूत हाडांसाठी, असं लिहिलं होतं."

अभिराम हसला. फार वाईट हसला. तेव्हा सतीशराव मध्ये पडले. आयुष्यात कधी वादात न पडणारा माणूस मध्ये पडला आणि म्हणाला, "जाऊ दे रे. तिच्या मनात काही वाईट नव्हतं."

त्या वाक्याचे वासंतीबाईंना उपकार वाटले. नवऱ्याने आपली बाजू घेतली, असं वाटून त्या मोरीपाशी जाऊन एकट्याच रडल्या.

अभिराम ठरल्यापेक्षा आधीच दिल्लीला मित्रांकडे निघून गेला आणि तिथूनच परत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मराठी मंडळात बाई गेल्या, तेव्हा दोन तरुण बायका बोलता बोलता थांबल्या. मालिनीने विषय बदलला, पण उशिरा. कॉलनीत आता पोरं दडत नव्हती. दडायची गरजच उरली नव्हती, कारण बाई फाटकात येत नव्हत्या. एकदा नुसत्याच उभ्या राहिल्या तर एका घरातून आईची हाक आली, "बबलू, अंदर आ! आंटी से कुछ लेना मत." बाईंच्या हातात तेव्हा मेथीची जुडी होती.

रविवारचा फोन यायचा. "हाँ आई. सब ठीक?" मग एक पोकळी. पूर्वी तिथे ढोल्या असायचा. "अच्छा, बाबा को दे."

थंडी ओसरली. सतीशरावांच्या खुर्चीमागच्या खिडकीत मनीप्लँटची कुंडी होती. पानं पिवळी पडायला लागली म्हणून बाईंनी एक दिवस माती उकरायला घेतली. खुरप्याला पांढरं काही लागलं. त्यांना आधी गोगलगाईची अंडी वाटली. मग भुसभुशीत चुन्याचे तुकडे वाटले. एक तुकडा जरा अख्खा होता. मधोमध चीर. गोळी मोडायला असते तशी.

बाई खुरपं हातात धरून खाली बसल्या.

कुंडीतल्या गोळ्या अजून पुरत्या विरघळल्या नव्हत्या. म्हणजे हे अलीकडचं. थंडीतलं. ढोल्या गेल्यानंतरचं. मग त्याच्या आधी कुठे जात होत्या? दोन्ही जेवणांना त्या स्वतः ताटाजवळ गोळी ठेवत होत्या. "घेतलीत ना?" "घेतली." आणि टेबलाखाली, डाव्या पायाला चिकटून, लळा लावून...

त्यांनी खाली वाकून खुर्चीच्या पायाशी पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. फरशी त्याच रोज पुसत होत्या. पण दवाखान्यात चष्मा पुसणारा तो रुमाल त्यांना लख्ख दिसला. डॉक्टरांनी विचारलं होतं, चक्क नाव घेऊन विचारलं होतं. आणि 'तिच्या मनात काही वाईट नव्हतं.' तिच्या. कुत्र्याला मारणारी कोण ते त्या वाक्याने पोराच्या देखत पक्कं करून टाकलं होतं.

तेल आपलंच होतं, हे बाई विसरल्या नाहीत. आपल्या चमच्याचा भार त्यांनी दुसऱ्याच्या अंगावर ढकलला नाही. पण सगळाच भार त्यांचा नव्हता, हे ज्याला ठाऊक होतं, तो रोज समोर बसून भात कालवत होता.

संध्याकाळी सतीशराव जेवायला बसले. बाईंनी गोळी ताटाजवळ ठेवली आणि कुंडी खिडकीतून उचलून टेबलावर ठेवली, उकरलेली माती वर दिसेल अशी. सतीशरावांनी कुंडीकडे पाहिलं. हातातला घास खाली ठेवला.

"मला गिळवत नाहीत गं त्या," ते म्हणाले. "घशात अडकतात. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं," बाई म्हणाल्या.

"पोळीत दिली की तो आवडीने खायचा. मला काय ठाऊक, की..."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तर ठाऊक झालं होतं."

सतीशरावांनी ताट पुढे सरकवलं. मग हळूच म्हणाले, "तेव्हा सांगून तो वाचणार होता का?"

"तो नाही."



रविवारी फोन वाजला. बाईंनी रिसीव्हर उचलून कानाला न लावता सतीशरावांपुढे धरला. "आज आधी तुम्ही बोला. त्याला सांगा."

सतीशरावांनी रिसीव्हर घेतला. त्यांची नजर बाईंवर होती. पलीकडून अभिरामचं "हाँ? हैलो?" बाहेर ऐकू येत होतं. बाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. पातळाचा पदर बोटाला गुंडाळत वाट बघत राहिल्या. माणसाला एवढं बोलायला किती शब्द लागतात? फार लागत नाहीत.

"हां, बोल," सतीशराव म्हणाले. "हां. इकडे आता ऊन वाढायला लागलंय. नाही, पंखे नाही अजून. हां... आई? आई ठीक आहे. देऊ का?"

त्यांनी रिसीव्हर पुढे केला. बाईंनी तो घेतला.

"हाँ आई. सब ठीक?"

"सगळं ठीक," वासंतीबाई म्हणाल्या.

"और?"

"और काही नाही."

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची बाटली सतीशरावांच्या ताटाजवळ अख्खीच ठेवलेली होती, झाकण लावून. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. 'घेतलीत ना?' या प्रश्नाची वाट बघत ते थोडा वेळ तसेच बसले. मग त्यांनी स्वतःच झाकण उघडलं, गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याले, ठसकले. पुन्हा पाणी प्याले. बाई पाठमोऱ्या, ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. लाटण्याचा आवाज थांबला नाही.

तो चमचा बाईंनी पुढे फोडणीच्या मोहरीच्या डब्यात टाकला. त्यानंतर त्या घरात किंवा फाटकाबाहेर त्यांनी कोणालाही 'आ कर' म्हटलं नाही. कोणी आजारी आहे असं कळलं तर त्या म्हणत, "डॉक्टरला दाखवा," आणि आत निघून जात. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, खांबेटे आंटी अब बहुत समझदार हो गई हैं.